मृगापूर्वीची मशागत : शाळेची बाग आणि घरची कुंडी

१९५० साली त्या वेळचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाचा उपक्रम सुरू केला. तेव्हापासून जुलै महिना उजाडला की शाळाशाळांतून रोपे लावली जातात. पाहुणे येतात, खड्ड्याभोवती रांगोळी निघते, टाळ्या होतात. पुढच्या वर्षी पुन्हा रोप आणले जाते आणि पुष्कळ ठिकाणी ते त्याच खड्ड्यात लावले जाते, कारण खड्डा रिकामा झालेला असतो. मुले हे पाहत असतात. रोप लावणे हा समारंभ असून ते जगवणे हे कोणाचेच काम नाही, असा पाठ त्यांना न बोलता मिळतो. तो पाठ पुसून दुसरा पाठ द्यावयाचा असेल, तर आरंभ जुलैच्या समारंभापासून करून भागणार नाही. तो त्याच्या पुष्कळ आधी, मृगापूर्वीच्या मशागतीपासून केला पाहिजे.

प्रस्तुत पाठ इयत्ता तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासास व कार्यानुभवास जोडून घेता येईल. ज्या शाळेस अंगण आहे तिने बागेचा भाग घ्यावा. ज्या शाळेस केवळ व्हरांडा आहे तिने कुंड्यांचा भाग घ्यावा. पुणे शहरातील पुष्कळ मुलांची घरे आता वाड्यांतून सदनिकांत गेली आहेत. वाड्याच्या चौकातील तुळशीवृंदावनाची जागा गॅलरीतील कुंडीने घेतली आहे. त्यामुळे घरच्या कुंडीचे ज्ञान हेही शाळेने देण्याजोगे ज्ञान झाले आहे.

१. माती व पाऊस

झाड जेथे लावावयाचे तेथील माती प्रथम हातात घेऊन पाहावी. पुणे शहरात मुठेच्या काठाकडील सखल भागात काळी, चिकण माती आढळते. पर्वती, वेताळ टेकडी अशा उंचवट्यांच्या उतारावर मातीचा थर पातळ असून त्याखाली मुरूम लागतो. काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ती चिखल होते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. मुरमाड जमिनीतून पाणी लवकर निघून जाते. पहिलीत वाळू व पालापाचोळ्याचे खत मिसळून ती मोकळी करावी. दुसरीत शेणखत व पोयट्याची माती घालून तिची ओल धरण्याची शक्ती वाढवावी. दोन्ही दोषांवर शेणखत हा समान उपाय आहे, कारण कुजलेले सेंद्रिय द्रव्य चिकण माती भुसभुशीत करते व मुरमाड मातीस ओल धरावयास लावते.

पावसाचेही तसेच आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. पुणे शहरात तो सुमारे सातशे मिलिमीटरांवर येतो आणि बारामती-इंदापूरकडे त्याहूनही कमी होतो. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीवर चढताना आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रिते करतात आणि डोंगर ओलांडून कोरडे होऊन पूर्वेकडे उतरतात. म्हणून मावळातील शाळेने बागेतील पाण्याचा निचरा कसा होईल हे आधी पाहावे. पुरंदर-इंदापूरकडील शाळेने पडलेले पाणी मुळाशी कसे थांबेल हे पाहावे. एकच परिपत्रक दोघींना सारखे लागू पडणार नाही, हे शिक्षकांनी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

२. वर्षाचे वेळापत्रक

शेतकऱ्याचे वेळापत्रक नक्षत्रांवर चालते. रोहिणी नक्षत्र मेच्या अखेरच्या आठवड्यात लागते व मृग जूनच्या ७ किंवा ८ तारखेस. पुण्याच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात. म्हणजे शाळेची पहिली घंटा व मृगाचा पाऊस जवळजवळ एकाच सुमारास येतात. ही सोय फुकट दवडू नये.

वैशाख-ज्येष्ठ : झाडासाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद व तितकाच खोल खड्डा सुट्टी लागण्यापूर्वीच खणून ठेवावा. वरची माती एका बाजूस व खालची दुसऱ्या बाजूस टाकावी. उन्हाने खड्डा तापला म्हणजे मातीतील पुष्कळ किडी व त्यांची अंडी नाहीशी होतात. उघड्या खड्ड्यात मूल पडू नये म्हणून त्याभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण करावे. मृग लागण्यापूर्वी वरची माती व दोन घमेली कुजलेले शेणखत एकत्र करून तळाशी भरावे, कारण वरची माती अधिक सकस असते.

आषाढ : पहिल्या एक-दोन चांगल्या पावसांनी जमीन भिजल्यावर रोपे लावावीत. जमीन भिजण्यापूर्वी घाई करू नये. मृगाच्या सरीनंतर पुष्कळदा उघडीप पडते व कोवळे रोप सुकते. झेंडूचे बी दसऱ्यापूर्वी सुमारे अडीच ते तीन महिने टाकावे. याच महिन्यात जास्वंद, तगर, अबोली यांच्या फांद्यांची छाटकलमे सहज फुटतात.

भाद्रपद-आश्विन : तण खुरपून काढावे. पाऊस थांबल्यावर, साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यास, गुलाबाची छाटणी करावी. वाळक्या व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. बाहेरच्या बाजूस असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा काप घ्यावा. दीड-पावणेदोन महिन्यांत फुले येऊ लागतात. मेथी, पालक, कोथिंबीर व ॲस्टर, फ्लॉक्स, पिटुनिया यांसारखी हंगामी फुलझाडे याच वेळी पेरावीत.

मार्गशीर्ष-पौष : मोगऱ्याचे पाणी हळूहळू तोडावे. त्यास काही दिवस विश्रांती द्यावी, मग छाटणी करून बुंध्याभोवतीची माती हलवावी, खत घालावे व पुन्हा पाणी सुरू करावे. उन्हाळ्याच्या तोंडी त्यास कळ्या येतात. ज्यांना छाटणी हा झाडावरील अन्याय वाटतो त्यांना हा मोगरा उत्तर देईल.

शेवंतीचा उल्लेख येथे मुद्दाम केला पाहिजे. दिवस लहान व रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंतीस कळ्या धरतात. तिला ऋतू कळतो तो रात्रीच्या अंधाराच्या लांबीवरून. गॅलरीत उशिरापर्यंत दिवा जळत असेल तर कुंडीतील शेवंती कळ्या धरण्यास विलंब लावते. खत घालून थकलेल्या घरमालकास हे कारण सहसा सुचत नाही. दिव्याच्या उजेडातून कुंडी हलवली तर ती फुलते.

३. कुंडी भरण्याची रीत

साहित्य : तळाशी छिद्र असलेली कुंडी, फुटक्या मडक्याची खापरी, पोयट्याची अथवा तांबडी माती, कुजलेले शेणखत, जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड, खुरपे, झारी.

प्रथम छिद्रावर खापरीचा बाकदार तुकडा पालथा ठेवावा. माती वाहून न जाता पाणी निघून जावे हा त्याचा हेतू. दोन भाग माती, एक भाग शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण करून त्यात पेंड मिसळावी. रोप मधोमध धरून, मुळे न दुमडता, चोहोबाजूंनी मिश्रण भरावे व हलक्या हाताने दाबावे. वरच्या काठापासून दीड इंच जागा मोकळी ठेवावी, म्हणजे घातलेले पाणी बाहेर न ओसंडता आत मुरेल. खत ताजे घालू नये. कच्चे शेण कुंडीत कुजू लागले म्हणजे त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे दुखावतात आणि हुमणीसारख्या अळ्याही त्याबरोबर येतात.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडी, झाड कुंडीतून अलगद काढून पाहावे. मुळे कुंडीच्या आकाराने वेटोळी झाली असतील तर बाहेरची गुंतलेली मुळे थोडी छाटावीत व नवीन मिश्रणात झाड पुन्हा बसवावे.

४. पाणी

घरातील झाडे तहानेने मरतात त्याहून अधिक मायेने मरतात. घरातील प्रत्येक माणूस येता-जाता तांब्याभर पाणी घालतो. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते, ती जागा सतत पाण्याने भरून राहिली तर मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात. मलूल पाने पाहून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड मरते. रोगाचे व उपायाचे लक्षण सारखेच दिसल्यामुळे हा घोटाळा होतो.

तो टाळण्याचा उपाय मुलासही करता येतो. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावी. आत ओल लागली तर पाणी घालू नये, कोरडे लागले तर तळाच्या छिद्रातून पाणी झरेपर्यंत घालावे. पाणी घातलेली कुंडी व कोरडी कुंडी उचलून वजनातील फरक ओळखण्याचा सरावही मुलांस द्यावा. त्यामुळे परिमाणांचा पाठही आपोआप होतो. कोरफड व स्नेक प्लँट ही झाडे पानांत पाणी साठवतात, त्यांस हिवाळ्यात व पावसाळ्यात फारच थोडे पाणी पुरते. नेचा मात्र कोरडा पडू देऊ नये.

पुण्याचे पाणी खडकवासला साखळीतील धरणांतून येते व उन्हाळ्यात त्याची काटकसर करावी लागते. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी कुंडीस निःशंक घालावे. साबणाच्या पुडीचे, खारट वा तेलकट पाणी घालू नये. झाडास पाणी सकाळी लवकर वा ऊन उतरल्यावर घालावे, म्हणजे ते उन्हाने उडून न जाता मुळांपर्यंत पोचते.

५. उजेड व दिशा

कोणत्या गॅलरीत कोणते झाड, हा प्रश्न सूर्याच्या फिरण्याचा आहे. पुण्यात मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस अशा दोन दिवशी मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. वर्षाच्या उरलेल्या काळात तो दक्षिणेकडे असतो. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत थंडीमध्ये ऊन आतपर्यंत येते. गुलाब, शेवंती, तुळस यांस ती जागा मानवते. पश्चिमेच्या गॅलरीत वैशाखाचे तिसऱ्या प्रहरीचे ऊन पाने करपवते, तेथे उन्हाळ्यापुरता गोणपाटाचा पडदा लावावा. उत्तरेच्या गॅलरीत मनीप्लँट, नेचा, सिंगोनियम अशी सावलीतील झाडे ठेवावीत. घरातील झाडाचे सर्व शेंडे खिडकीकडे वाकू लागले म्हणजे त्यास उजेड कमी पडतो असे समजावे. आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवावी.

दोन समजुतींचाही येथे विचार केला पाहिजे. घरातील झाडे रात्री हवा विषारी करतात ही जुनी समजूत चुकीची आहे. झाड रात्री जो कार्बन डायऑक्साइड सोडते तो शेजारी निजलेल्या माणसाच्या मानाने अत्यल्प असतो. दोन-चार कुंड्या ठेवल्या की खोलीची हवा शुद्ध होते ही नवी समजूतही तितकीच अपुरी आहे. १९८९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने केलेले प्रयोग बंद पेट्यांमधील होते. खिडक्या-दारे असलेल्या खोलीत तेवढ्या झाडांनी जाणवण्याजोगा फरक पडत नाही. झाड ठेवण्यास झाडाची गोडी एवढे कारण पुरेसे आहे.

६. तुळस

तुळशीचे झाड दरवर्षी का वाळते, असा प्रश्न मुले घरून आणतात. तुळशीस मंजिऱ्या आल्या व त्यांत बी धरले की झाडाचे बळ बियांकडे जाते, पाने लहान होतात व झाड उतरणीस लागते. पुण्याच्या थंडीनेही ते आखडते. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून झाड डेरेदार होते. एक-दोन फांद्यांच्या मंजिऱ्या मात्र पिकू द्याव्यात, त्यांचे बी पुढच्या ज्येष्ठात पेरावे. ज्या घरात आजी रोज तुळशीस पाणी घालते त्या घरातील मुलाने हे तिला नम्रपणे सांगावे आणि तिच्याकडून जे शिकावयाचे ते शिकून यावे. पुष्कळदा तिला ते आधीच ठाऊक असते.

७. कीड, डास व विष

जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण होय. कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. उन्हाळ्यात पानांच्या मागे बारीक जाळी करून राहणारा लाल कोळी पाने फिकी करतो. आरंभी ओल्या फडक्याने कीड पुसून काढावी. न भागल्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा साधा साबण विरघळवून सायंकाळी फवारावे. प्राथमिक शाळेच्या बागेत बाजारी विषारी औषधे आणू नयेत.

कुंडीखालील ताटलीत साचलेले पाणी ही डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची आवडती जागा आहे. अंड्यापासून डास होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातील एक दिवस कोरडा पाळावा. ताटल्या केवळ ओतून न थांबता घासून काढाव्यात, कारण अंडी कडेस चिकटून राहतात व कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहू शकतात.

विषारी झाडांची ओळख मुलांस नावानिशी करून द्यावी. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या घेऊन मुले खेळतात. त्यांतील बी पोटात गेल्यास हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. लाल व पांढरी कण्हेरही विषारी आहे. मनीप्लँट व डिफेनबाकिया यांची पाने चावल्यास त्यांतील सुईसारख्या स्फटिकांमुळे तोंडाची आग होते व जीभ सुजते. अशी झाडे बालवर्गाच्या आवाक्यात ठेवू नयेत. असे काही पोटात गेल्यास घरगुती उपाय करीत न बसता मुलास व झाडाची फांदी बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

८. सुट्टीचा प्रश्न

शाळेच्या बागेची खरी परीक्षा मे महिन्यात होते. जूनमध्ये लावलेले, पावसाने वाढवलेले, थंडीत फुललेले झाड नेमके त्या वेळी एकटे पडते जेव्हा पुण्याचा पारा चाळीस अंशांजवळ जातो. शिपाई असेल तर एक माणूस, नसेल तर तेही नाही. वरील सर्व मशागत या सहा आठवड्यांत वाया जाऊ शकते. म्हणून सुट्टीची योजना मार्चमध्येच आखावी.

जमिनीतील झाडांसाठी : बुंध्याभोवती वाळक्या पाचोळ्याचा तीन-चार बोटे जाड थर पसरावा, मात्र खोडास तो चिकटवू नये. झाडाजवळ एक भाजलेले, न रंगवलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे व पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी हळूहळू मुळांकडे पाझरते. जवळ राहणाऱ्या दोन घरांनी आठवड्यातून दोनदा ते भरले तरी पुष्कळ होते.

कुंड्यांसाठी : प्रत्येक कुंडी एका मुलाच्या घरी सुट्टीपुरती द्यावी. सोबत एक चिठ्ठी द्यावी व तीत झाडाचे नाव, उन्हाची गरज व बोटाने ओल पाहण्याची सूचना एवढेच लिहावे. ज्या कुंड्या नेता येत नाहीत त्या सावलीत एकमेकींस लागून ठेवाव्यात. पाण्याच्या बादलीतून प्रत्येक कुंडीत सुती वात सोडावी, तीमधून ओल चढत राहते.

सर्वच कुंड्या हिरव्या परत येतील अशी अपेक्षा शिक्षकाने धरू नये. एखादे मूल वाळलेली कुंडी घेऊन वर्गाच्या दाराशी उभे राहील. काहींचे घर गावी गेलेले असेल, काहींच्या घरी पिण्याचेच पाणी टँकरने आले असेल. त्या क्षणी शिक्षक काय बोलतो यावर ते मूल पुन्हा झाड लावील की नाही हे ठरते. त्यास रागावू नये. सर्वांसमोर त्याची कुंडी उपडी करून मुळे पाहावीत. काळी व मऊ असतील तर पाणी जास्त झाले, तपकिरी व ठिसूळ असतील तर कमी पडले. खोड नखाने किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. वरचा भाग छाटून ते सावलीत ठेवावे व ओल राखावी. कित्येकदा पंधरवड्यात बुंध्यापासून कोंब फुटतो. न फुटल्यास त्याच मुलाच्या हाती नवे रोप द्यावे.

९. वर्गातील कृती व प्रश्न

(अ) दोन सारखे डबे घ्यावेत. एकाच्या तळास छिद्रे पाडावीत, दुसऱ्याच्या पाडू नयेत. दोन्हींत घेवड्याचे बी पेरून रोज सारखेच पाणी घालावे. पंधरा दिवसांनी रोपे उपटून मुळांचा रंग व वास यांची तुलना करावी.

(आ) मैदानात एक काठी सरळ उभी रोवून दर महिन्यास एकदा मध्यान्हीची सावली मोजावी व नोंदवहीत लिहावी.

(इ) शक्य झाल्यास जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहण्यास जावे. पश्चिम भारताच्या अॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे या उद्यानाची व्यवस्था आहे. मुलांनी केवळ फुले न पाहता कुंडीची माती, आकार व झाडाची छाटणी पाहावी.

(ई) प्रश्न : झाड मलूल दिसताच पाणी का घालू नये? खड्डा जूनमध्ये न खणता मेपूर्वी का खणावा? आपल्या घरातील कोणती जागा कोणत्या झाडास योग्य आहे व का? सुट्टीत झाड वाळले तर प्रथम काय पाहाल?

शाळेच्या बागेचे मूल्यमापन फुलांच्या संख्येवर करू नये. वर्षाच्या शेवटी एकच गोष्ट पाहावी : मागल्या जुलैत ज्या खड्ड्यात रोप लावले, त्या खड्ड्यात तेच रोप उभे आहे काय? असेल तर यंदाच्या समारंभासाठी मुलांना दुसरा खड्डा खणावा लागेल. तसा तो खणावा लागणे हीच या पाठाची खरी परीक्षा व तेच त्याचे यश होय.